आईच्या खोलीतली शांतता

१

दुपारची भांडी आवरली, खालच्या इस्त्रीवाल्याचा रेडिओ बंद झाला आणि शाळेच्या बस यायला अजून अवकाश असला, की संघमित्रा पंखा बंद करायची, फ्रिजचा प्लग काढायची, मोबाइल स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात कोंबायची आणि आईच्या खोलीत शिरून दार लावून घ्यायची. महाकाली गुंफांच्या रस्त्यावर धड शांतता मिळायची ती तेवढ्याच वेळात. संघमित्राचा धंदा आवाजाचा. ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची आणि लोक ती एका ॲपवर, कानात इअरफोन घालून ऐकायचे. तिला ओळखणारं माणूस इमारतीत कोणी नव्हतं, पण तिचा आवाज ऐकत ऐकत पोळ्या लाटणाऱ्या बायका अंधेरीपासून मुलुंडपर्यंत होत्या. त्यातली एकही कधी घरी चहाला आली नव्हती, हा भाग वेगळा.

आई, शकु, वर्षभरापूर्वी याच खोलीत गेली. शेवटचे कित्येक महिने तिची वाचा गेली होती. नुसती बघायची, ओठ हलवायची, आणि काय म्हणायचंय ते न सांगताच गेली. पुण्यानुमोदन झाल्यावर विकीने, म्हणजे संघमित्राच्या धाकट्या भावाने, पलंग, कपाट, औषधांचं टेबल असं सगळं कोणाकोणाला देऊन टाकलं. मागे चार भिंती राहिल्या आणि बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर. रिकामी झाल्यावर ती खोली अशी घुमायला लागली, की साकीनाक्यावरच्या आपल्या छोट्या स्टुडिओत बसून रेकॉर्डिंग साफ करणारा सुयोग खूश झाला. म्हणाला, "गुहेची गोष्ट आहे ना? मग ह्याच खोलीत कर. लाखाची खोली आहे ही!"

गोष्ट खरंच गुहेची होती. देवव्रत नावाच्या लेखकाने लिहिलेली, तेराशे वर्षांपूर्वीची. डोंगरात कोरलेला एक विहार. बंदरं ओस पडलेली, व्यापाऱ्यांचं दान आटलेलं, एकेक करून सगळे भिक्खू निघून गेलेले. मागे एकटा म्हातारा उरलेला. नेमाच्या दिवशी भिक्खूंनी एकत्र बसायचं असतं. पण एकटाच असेल त्याने काय करायचं? तर त्याने जागा झाडायची, पिण्याचं आणि पाय धुण्याचं पाणी भरायचं, आसनं मांडायची, दिवा लावायचा आणि बसून राहायचं. कोणी आलं तर ठीक. हा नियम देवव्रतने जुन्या ग्रंथांतून घेतला होता.

पहिल्यांदा हे वाचताना संघमित्राचा आवाज जरा ओला झाला. सुयोगने तो तसाच ठेवला.

२

तिच्या कामाला दोन सवयी जोडलेल्या होत्या. सुरुवातीला एक टाळी वाजवायची. खोली किती घुमते ते त्यावरून कळतं. आणि शेवटी, वाचून झाल्यावर, माइक चालू ठेवून मिनिटभर अगदी गप्प बसायचं. वाक्यांच्या मधल्या फटी सुयोग ह्या शांततेने भरायचा. शांतता सगळीकडे सारखी नसते. एका खोलीतली दुसऱ्या खोलीला चिकटत नाही. त्या मिनिटात बोलायचं नाही, खोकायचं नाही, मांडी बदलायची नाही. संघमित्राला ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की एकदा पायावरून पाल गेली तरी तिने हूं की चूं केलं नव्हतं.

चौथ्या की पाचव्या भागानंतर सुयोगचा फोन आला.

"मित्रा, कोणाक घेऊन बसली होतीस गो?"

"कोणाला? एकटीच होते."

"चल. मस्करी नको करू. खोलीत माणसं आहेत."

संघमित्रा हसली. "कोणी बोललं का मध्ये?"

"बोललं नाही कोणी. म्हणून तर विचारतोय. बघ, लग्नाचा हॉल बुक करायला जातो तेव्हा रिकाम्या हॉलमध्ये कसा आवाज फिरतो? आणि लग्नाच्या दिवशी त्याच हॉलमध्ये? माणसं आवाज खातात, यार. तुझी पहिल्या दिवसाची टाळी ऐक आणि कालची ऐक. कालच्या टाळीला घुमणंच नाही. कोणीतरी बसलेलं आहे, आणि एक-दोघं नाहीत."

"दमट हवा आहे."

"हवेने एवढं होत नाही."

"मग माइक सरकला असेल."

"असेल बाबा," सुयोग म्हणाला. त्याला त्याच दिवशी दुसऱ्या कोणाची जाहिरात द्यायची होती. "पण पुढच्या वेळी रिकामी खोली दे मला."

३

संघमित्रा घाबरट बाई नव्हती. आजारी माणसाबरोबर एकटीने दिवस काढलेल्या बाईला सावल्यांची भीती परवडत नाही. तिने कारणं शोधली. शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडे गाद्या रचल्या असतील. पावसाळ्यात भिंतीने पाणी ओढलं असेल. तिने खिडकीची एक जुनी गोणपाटाची गुंडाळी बाहेर काढली, कोपऱ्यातला पुठ्ठ्याचा खोका माळ्यावर टाकला आणि खोलीत उघडी फरशी सोडून काही ठेवलं नाही. मग घरभर टाळ्या वाजवत फिरली. खालच्यांना वाटलं असेल, बाई आरती करतेय.

स्वयंपाकघरात टाळी खणखणली. बाहेरच्या खोलीतही बरी वाजली. आईच्या खोलीत, दारातून समोरच्या भिंतीकडे वाजवली तेव्हा ती गादीवर मारल्यासारखी आली, आणि तिथेच मेली.

ती खिडकीपाशी गेली. तिथे जरा घुमलं. मधोमध घुमलं. लांबच्या भिंतीपाशी, जिथे आईचा पलंग होता तिथे, अजिबात नाही. तिने हात लांब करून भिंतीच्या कडेकडेने टाळ्या वाजवल्या. जिथे घुमत नव्हतं ती जागा पट्ट्यासारखी होती. भिंतीला टेकून, एका ओळीत, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

मग तिने हेडफोन लावून आधीच्या भागांच्या शेवटची ती मिनिटं एकापाठोपाठ एक ऐकली. श्वास ऐकू येतील म्हणून कान टवकारून बसली होती. तिचा स्वतःचा सोडून एकही श्वास नव्हता. फक्त पहिल्या दिवसाची शांतता मोठी होती, मोकळी, आणि पुढची प्रत्येक त्याहून जवळ आलेली. शेवटची तर कानाला लागूनच होती.

तिने हेडफोन काढून ठेवले आणि चहा केला. सवयीने दोन कप आधण ठेवलं होतं, ते वर्ष झालं तरी सुटत नव्हतं.

४

रविवारी विकी आणि त्याची बायको माधुरी कुर्ल्याहून आली. माधुरीने डब्यातून मटण आणलं होतं. जेवण झाल्यावर विकी मुद्द्यावर आला. तो दर वेळी येतो, फक्त या वेळी जेवणाच्या आधी आला नाही एवढंच.

"ताई, आता बस झालं. किती दिवस एकटी राहणार आहेस? आमच्याकडे ये ना. मागची खोली रिकामीच आहे."

"माझं काम?"

"ते काम तिकडे नाही होत काय? कपाटात बसून वाच. पूर्वी आवाज घुमू नये म्हणून वाचायचीस ना कपाटात?"

"तुझ्याकडे गाड्यांचा आवाज किती."

"ताई," विकीचा आवाज एकदम बारीक झाला, "मागच्या महिन्यातल्या तापात तू पडली असतीस, गेली असतीस, तर आम्हाला कळलं कधी असतं? मला झोप लागत नाही गं."

खरं म्हणजे तिलाही झोप लागत नव्हती. दिवसभर बोलायचं आणि ऐकायला समोर कोणी नाही, याचा तिला कंटाळा आला होता. नुसता कंटाळा नाही, आतून कुरतडल्यासारखं झालं होतं. शेवटचा भाग शनिवारी संपतो, तो झाला की येते, असं तिने कबूल केलं. विकीने खूश होऊन तिच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात माधुरी आईच्या खोलीतल्या तसबिरीला हात जोडायला गेली. संघमित्रा मागून बघत होती. माधुरी दारातून आत शिरली आणि शिरताच तिने साडीचा घोळ हाताने वर घेतला, अंग चोरलं, आणि पंगतीत बसलेल्या माणसांच्या पुढून आपण जसे जातो तशी एकेक पाऊल सांभाळत भिंतीपर्यंत गेली. हात जोडले. तशीच परत आली.

"साडी का गं उचललीस?" संघमित्राने विचारलं.

माधुरीने साडीकडे पाहिलं. तिलाही ते तेव्हाच कळलं. "काय माहीत, ताई. कोणाला लागेल असं वाटलं."

५

ती दोघं गेल्यावर संघमित्रा त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली आणि जे इतके दिवस मनात येऊ देत नव्हती ते येऊ दिलं. असतील माणसं. बसलेली असतील. तर मग त्यांच्यात आई असेल का?

एकदा हे मनात आलं आणि भीती मागे पडली. आईच्या पलंगाच्याच जागी ती ओळ होती. आई बोलायची राहून गेली होती. काय म्हणायचं होतं तिला? पाणी दे म्हणत होती, की तू लग्न का नाही केलंस म्हणत होती, की पोरी, थकलीस गं? काहीही असो, एक शब्द ऐकायला मिळाला असता तर संघमित्रा आयुष्यभर कुर्ल्याला, हसत, कपाटात बसून राहिली असती.

दुसऱ्या दिवशी तिने खोली झाडली. का झाडतेय, हे स्वतःला विचारलं नाही. भिंतीशी एक बसकर टाकलं. आईचं, निळ्या काठाचं. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला.

"आई, आहेस का?"

रस्त्यावरून एक टँकर गेला. बस, एवढंच.

त्या आठवड्यात तिने दर दुपारी खोली झाडली, तांब्यातलं पाणी बदललं. एकेक करत घरातली होती नव्हती ती बसकरं, चटई, पाट सगळं भिंतीशी मांडलं. आईला एकटीला बसवायचं आणि बाकीच्यांना फरशीवर, हे बरं दिसलं नसतं. सुयोगला दिलेल्या भागांमधली टाळी आता टाळीसारखी वाजतच नव्हती. तो वैतागून गेला. "वाट लागली गो माझी. घुमणं मी इथून मशीनने टाकतोय. तुझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही असं वाटतंय."

तिने देवव्रतला फोन केला. कसं विचारावं कळेना, म्हणून शेवटच्या भागाबद्दल विचारलं. तिथे सगळे परत येतात आणि सभा भरते. ते तसंच होतं का पूर्वी?

"सभेची रीत खरी आहे," देवव्रत उत्साहाने सांगू लागला. लेखकांना असं कोणी विचारत नाही. "ठराव मांडायचा आणि विचारायचं. मान्य असेल त्याने गप्प राहायचं, नसेल त्याने बोलायचं. तीनदा. तिन्ही वेळा कोणी बोललं नाही, तर ठराव पास. मात्र शेवट माझा आहे. म्हाताऱ्याला ते बरोबर न्यायला येतात, पण जागा सुनी टाकता येत नाही, कोणीतरी मागे राहायला हवं, हे मी रचलंय. कसं वाटतं?"

"छान आहे," संघमित्रा म्हणाली.

६

शनिवारी दोन बॅगा दारापाशी भरून ठेवल्या होत्या. विकी आणि माधुरी संध्याकाळपर्यंत न्यायला येणार होते. दुपारी तिने नेहमीसारखा पंखा, फ्रिज, मोबाइल असं सगळं उरकलं आणि खोलीच्या मधोमध, ओळीकडे तोंड करून बसली. टाळी वाजवली. तळहात एकमेकांवर आपटले, एवढंच कळलं.

वाचायला लागली. तिच्या आवाजावर तिचा भरवसा होता आणि त्या दिवशी तो कधी नव्हे इतका लागला. म्हातारा भिक्खू आसनं मांडून बसलाय. पायऱ्यांवर पावलं वाजतात. एकेक जण येतो, पाय धुतो, बसतो. त्यांच्यातला वयाने मोठा उभा राहतो.

"'हा आता आमच्याबरोबर येतो,'" ती वाचत होती. "'ही जागा झाडायला, पाणी भरायला, आसनं मांडायला, आत्ता इथे जे माणूस हजर आहे ते मागे राहील. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावं. ज्याला नसेल त्याने बोलावं.'"

थोडं थांबून तिने दुसऱ्यांदा वाचलं. मग तिसऱ्यांदा. आणि कागद मांडीवर ठेवून, माइक चालू ठेवून, हाडात मुरलेल्या सवयीने गप्प बसली.

पहिले काही क्षण तिच्या ध्यानात आलंच नाही. मग आलं. वाचताना तिने तिन्ही वेळा विचारलं होतं, आणि आता गप्प बसून ती उत्तर देत होती. एक शब्द पुरला असता. नाही. नुसतं खाकरली असती तरी चाललं असतं. रेकॉर्डिंग बिघडलं असतं, सुयोगने चार शिव्या घालून पुन्हा घ्यायला लावलं असतं, आणि ती कुर्ल्याला गेली असती.

पण बोललं की खोली रिकामी होणार, असं तिला पक्कं वाटत होतं. आणि आई बोलणार असेल तर ती याच मिनिटात बोलेल, नाही तर कधीच नाही. संघमित्राने ओठ मिटून घेतले. थांबली.

आधी कापडाची सळसळ झाली. मग बराच वेळ मांडी घालून बसलेल्या म्हाताऱ्या गुडघ्यांचा आवाज. एक, मग दुसरा, मग सगळेच. तिने मान वर केली नाही. तेवढी हिंमत नव्हती. नजर फरशीवर ठेवली आणि समोरून पावलं जाऊ लागली. अनवाणी, टाचा फाटलेल्या, घोट्यांपर्यंत दगडाचा पांढरा भुगा. ती एकेक पाऊल न्याहाळत होती. आईची पावलं छोटी होती, गोरी, उजव्या पायाचा अंगठा आत वळलेला. ती तिने गर्दीतही ओळखली असती.

ती पावलं आली नाहीत.

सगळ्यात शेवटची पावलं तिच्यापाशी थांबली. खूप दिवसांत कोणी भेटलं नसलं की माणूस जायच्या वेळी जसं रेंगाळतं, तशी जरा रेंगाळली. मग तीही गेली. दार लावलेलंच होतं.

त्यांच्यात आई नव्हती. कधीच नव्हती. संघमित्राने टाळी वाजवली, आणि ती खोलीभर, भिंतीभिंतीवरून, कितीतरी वेळ घुमत राहिली.

७

फाइल पाठवल्यावर सुयोगचा लगेच फोन आला. "झकास! ही ना खरी खोली! शेवटचं मिनिट काय रिकामं आहे गो, अंगावर काटा आला. काय केलंस?"

"काही नाही. गेले सगळे," संघमित्रा म्हणाली. तो हसला.

विकी आला तेव्हा ती खोली झाडत होती. त्याने बॅगा उचलल्या. "चल, खाली रिक्षा थांबवलीय."

"तू हो पुढे. मी एवढं पाणी भरून येते."

तिला जायचं होतं. जीव तोडून जायचं होतं. पण दारापर्यंत गेली की आठवायचं, चटई वाकडी राहिली. ती नीट केली की वाटायचं, तांब्या झाकला नाही. खालून हॉर्न वाजत होता, विकी हाका मारत होता आणि ती "आले, आले" म्हणत होती, अगदी मनापासून. शेवटी त्याने माधुरीला वर पाठवलं.

माधुरी सरळ आईच्या खोलीत आली. या वेळी तिने साडी उचलली नाही. मोकळ्या खोलीत शिरावं तशी शिरली आणि जिना चढून दमल्यामुळे समोरच्या बसकरावर टेकली. "आवरा तुम्ही, ताई. मी बसते."

आणि भिंतीशी बसलेल्या त्या भल्या पोरीकडे पाहता पाहता संघमित्राला सुटकेची वाट दिसली. तिची तिलाच शरम वाटली. तरी तोंडातून शब्द निघाले, तिच्या रेकॉर्डिंगच्या, लागलेल्या आवाजात.

"ही संघमित्रा आता जाते. आत्ता इथे जे माणूस हजर आहे ते मागे राहील. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावं. नसेल त्याने बोलावं."

माधुरी ऐकत राहिली. ताई तिच्यासाठी काहीतरी वाचून दाखवतेय असं तिला वाटलं असणार. तिला ताईचा आवाज फार आवडायचा. स्वयंपाक करताना ती तोच ऐकायची. तिने हनुवटी हातावर टेकली आणि कौतुकाने, अगदी गप्प, बसून राहिली.

दुसऱ्यांदा म्हणून झालं. माधुरी तशीच.

तिसऱ्यांदा सुरुवात झाली. निम्म्यात वाक्य तोडून संघमित्रा ओरडली, "माधुरी, बोल! काहीतरी बोल गं!"

माधुरी दचकून उभीच राहिली. "काय बोलू, ताई? काय झालं?"

"काही नाही. झालं." संघमित्रा रडत होती आणि तिला दारापर्यंत ढकलत नेत होती. "जा तू खाली. विकीला सांग, मला बरं नाही, आज नाही येत. जा म्हणते ना! पुन्हा या खोलीत येऊ नकोस."

खाली बरीच बाचाबाची झाली. विकी वर येऊन दार बडवून गेला, उद्या सकाळी येतो आणि तुझं काही ऐकणार नाही, असा दम देऊन गेला. मग रिक्षा सुरू झाली, वळणावर तिने एकदा हॉर्न दिला, आणि तिचा आवाज साकीनाक्याच्या गर्दीत मिसळून गेला.

संघमित्रा खोलीत परत आली. उजेड उतरत होता, दिवा लावायला हवा होता. माधुरी बसली होती ते बसकर उचलावं म्हणून ती वाकली. त्याला हात लावला, तर ते अजून गरम होतं. तिने ते जागेवरच राहू दिलं आणि पाणी भरायला उठली.